उकिरड्याचे पांग तीन महिन्यांत फेडणारा साहेब: इंदूरमध्ये मैल्याचं सुरक्षित खत कसं तयार झालं?

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असं आपल्याकडे म्हणतात. पण साधारण शंभर वर्षांपूर्वी होळकरांच्या इंदूरमध्ये एका इंग्रज साहेबाने हे पांग तीन महिन्यांत फेडून दाखवले. आणि त्याच पद्धतीतून पुढे माणसाच्या मैल्याचं सुरक्षित खत करण्याची वाट निघाली.

या साहेबाचं नाव सर अल्बर्ट हॉवर्ड. सेंद्रिय शेतीचा विषय निघाला की त्यांचं नाव हमखास येतं. मैल्याचा भाग मात्र कुणी फारसा सांगत नाही, कारण विषय निघाला की नाकाला रुमाल जातो. पण मराठीत मैल्याच्या खताला शब्द काय आहे? सोनखत. म्हणजे त्याची किंमत आपल्या लोकांना आधीपासून माहीत होती. प्रश्न एवढाच होता की रोगराई न पसरवता हे सोनं हातात कसं घ्यायचं?

प्रयोगशाळेला कंटाळलेला शेतकऱ्याचा मुलगा

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ चा. इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात बिशप्स कॅसल नावाचं गाव आहे, तिथल्या शेतकरी घरात ते जन्मले. लंडन आणि केंब्रिजमध्ये शिकले. १८९९ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोसला पिकांवरच्या बुरशीजन्य रोगांचे तज्ज्ञ म्हणून रुजू झाले.

तिथे त्यांना एक गोष्ट खटकली. शेतकऱ्याला औषध सुचवायचं, पण ते स्वतःच्या शेतात करून बघायला हातात जमीनच नाही. मग सल्ला बरोबर की चूक, हे कळणार कसं?

१९०५ मध्ये ते भारतात आले. बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेत त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी त्यांचं गॅब्रिएल मॅथाय यांच्याशी लग्न झालं. गॅब्रिएल स्वतः केंब्रिजच्या वनस्पतिशास्त्रज्ञ. वनस्पती प्रकाशात अन्न कसं तयार करतात, यावर त्यांचं महत्त्वाचं संशोधन होतं. पुढची पंचवीस वर्षं दोघांनी बरोबरीने काम केलं. पुसाचे गव्हाचे वाण गाजले, त्यात दोघांचाही हात होता.

पुसामध्ये हॉवर्ड यांना अखेर ७५ एकर जमीन मिळाली. त्यांनी आजूबाजूच्या शेतकऱ्यांची शेती बघायला सुरुवात केली. हे शेतकरी कुठलंही औषध फवारत नव्हते, तरी त्यांची पिकं बऱ्यापैकी निरोगी होती. मग हॉवर्ड यांनी शिकवणारेच बदलले. बिहारचे शेतकरी आणि पिकावरची कीड, हे दोघं त्यांचे मास्तर झाले. कीड पडली म्हणजे जमिनीत काहीतरी बिघडलंय, असं ते मानू लागले.

आपल्या शेतातल्या चाऱ्यावर पोसलेले बैल लाळ्या-खुरकुताने आजारी जनावरांच्या संपर्कात येऊनही ठणठणीत राहिले, असंही त्यांनी नोंदवलं. आजच्या विज्ञानाच्या कसोटीवर एवढ्या निरीक्षणाने काही सिद्ध होत नाही. पण हॉवर्ड यांच्या डोक्यात एक विचार पक्का बसला. जमिनीतून जे घेतलं, ते जमिनीला परत द्यायला हवं.

आणि जमिनीतून पिकलेलं धान्य शेवटी जातं कुठे? माणसाच्या पोटात. म्हणजे परतफेडीचा हिशोब शेणापाशी थांबत नव्हता. चीन, जपान आणि कोरियातले शेतकरी मैला शेतात परत देऊन शतकानुशतकं जमीन कसत होते. फ्रँकलिन किंग या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या १९११ च्या पुस्तकाने हे जगाला सांगितलं होतं, आणि हॉवर्ड यांच्यावर त्याचा मोठा प्रभाव होता.

इंदूर, ३०० एकर आणि यशवंत वाड

पुसामध्ये एकाच पिकाचा अभ्यास वेगवेगळ्या खात्यांत वाटलेला होता. कीड एका खात्याकडे, माती दुसऱ्याकडे. हॉवर्ड यांना हे पटत नव्हतं. १९२४ मध्ये ते इंदूरला आले. होळकर संस्थानाच्या ३०० एकर जमिनीवर नवी संस्था उभी राहिली. कापूस संशोधनासाठी असलेल्या मध्यवर्ती समितीने पैसे दिले.

इथे त्यांच्यासोबत होते यशवंत वाड. कंपोस्टच्या प्रयोगांमागचं रसायनशास्त्राचं काम त्यांनी सांभाळलं. १९३१ मध्ये शेतीतल्या टाकाऊ पदार्थांपासून खत करण्यावर जे पुस्तक आलं, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन नावं आहेत. पण जगभर लक्षात राहिलं एकच.

आता पद्धत बघा.

माळव्यात पऱ्हाट्या आणि तुराट्या भरपूर. पण त्या लवकर कुजत नाहीत. मग त्या शेतातल्या रस्त्यावर अंथरायच्या. येणाऱ्याजाणाऱ्या बैलगाड्यांखाली त्या आपोआप चिरडल्या जायच्या. गोठ्यातली मूत मुरलेली माती खणून घ्यायची आणि तिथे नवी माती टाकायची. चुलीतली राख ठेवायची. पालापाचोळा, शेणकाला, ही माती आणि राख यांचे थर रचायचे आणि पाणी शिंपडायचं.

खड्डे साधारण ३० फूट लांब आणि १४ फूट रुंद, पण खोली मात्र दोन-तीन फूटच. कारण खोल गेलं की हवा पोहोचत नाही, आणि हवा नसेल तर कुजण्याऐवजी सडणं सुरू होतं. दुर्गंधी येते ती तिथून.

हवा आणि ओल बरोबर असेल तर सूक्ष्मजीव जोमाने कामाला लागतात. ढीग आतून ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. तीन महिन्यांत तीन वेळा ढीग वरखाली करायचा. शेवटी हातात येतं काळं, भुसभुशीत आणि मातीचा वास असलेलं खत. हीच पुढे ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर ओळखली गेली.

शेणाच्या जागी मैला

शेणाच्या जागी माणसाचा मैला घेतला तर? जॅक्सन आणि वाड यांनी इंदूर पद्धतीने वस्तीतला कचरा आणि मैला एकत्र कुजवण्याचं तंत्र बसवलं आणि १९३४ मध्ये ते प्रसिद्ध केलं.

यातली युक्ती साधी होती. मैल्याचा जाड थर द्यायचाच नाही. सुक्या कचऱ्यावर तो पातळ पसरायचा आणि लगेच वरून कचऱ्याने झाकायचा. पातळ थराला सगळीकडून हवा मिळते, त्यामुळे वास राहत नाही. झाकल्यामुळे माश्या बसत नाहीत. आणि ढीग तापला की रोगजंतू मरतात.

इथे वरखाली करण्याला खूप महत्त्व आहे. ढिगाचा मधला भाग तापतो, पण कडेचा थंडच राहतो. कडेचा भाग आत गेला नाही तर त्यातले जंतू तसेच राहतील.

आज आपल्याला हा धोका जास्त नेमका कळतो. कॉलरा, टायफॉइड आणि कावीळ मैल्यातून पसरतात. पण सगळ्यात चिवट असतात जंतांची अंडी. ती मातीत महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून कच्चा मैला भाजीला घालणं म्हणजे घरात आजार आणणं.

मग सुरक्षित कधी? दोन मार्ग आहेत. एक उष्णतेचा: ढिगाचा प्रत्येक भाग ५० अंशांच्या वर निदान आठवडाभर राहायला हवा. दुसरा वेळेचा: नवीन मैला टाकणं पूर्ण बंद करून ढीग किंवा खड्डा झाकून ठेवायचा. आपल्यासारख्या उष्ण हवामानात एक वर्षापेक्षा जास्त, आणि दोन वर्षं थांबलात तर अधिक चांगलं.

घरगुती छोटा ढीग सगळीकडून सारखा तापत नाही. म्हणून नुसत्या उष्णतेवर विसंबू नये, वेळ द्यावा. तयार खतही आधी फळझाडं आणि फुलझाडांना घालावं. कोथिंबीर, मुळा, गाजर अशा कच्च्या खायच्या भाज्यांपासून ते लांब ठेवावं. ढीग विहिरीपासून दूर असावा. हातमोजे घालावेत आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

दोन खड्ड्यांचा संडास याच तत्त्वावर चालतो. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. पहिल्याला दीड-दोन वर्षं विश्रांती मिळाली की त्यातून निघतं ते कोरडं खत.

पण हे काम करणार कोण?

शास्त्र जमलं, तरी एक प्रश्न राहिला. ढीग तीन वेळा वरखाली करायचा, मैला आणून पसरायचा. त्या काळच्या भारतात हे काम कुणाच्या माथी होतं, ते वेगळं सांगायला नको. एका जातीत जन्मलेल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरून मैला वाहिला. सोनखत शेतात जायचं, अपमान त्यांच्या वाट्याला यायचा.

हॉवर्ड यांचा हिशोब जमिनीचा होता. जातीचा प्रश्न इथल्या लोकांनी उचलला. डिसेंबर १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात कोकणचे अप्पा पटवर्धन यांनी सफाईचं काम आपल्याला करू द्यावं म्हणून उपोषण केलं. येरवड्यात गांधीजींनी त्यांच्यासाठी अन्न सोडलं. आपली घाण आपण साफ करायची, हा त्या लढ्याचा मुद्दा होता. याच गांधीजींनी १९३५ मध्ये ‘हरिजन’मधून इंदूर पद्धतीची माहिती लोकांपर्यंत नेली.

ताजा मैला माणसाकडून उचलून घेण्यावर आज कायद्याने बंदी आहे. १९९३ चा कायदा अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये नवा आला. त्यामुळे मैल्याचं खत करायचं असेल, तर ते दुसऱ्या कुणाला ताज्या मैल्याला हात लावायला न लावता, हे गृहीतच धरायला हवं. दोन खड्ड्यांच्या संडासात ते जमतं, कारण खड्डा उघडेपर्यंत आत मैला उरलेलाच नसतो.

शेवटची वर्षं

१९३० मध्ये गॅब्रिएल गेल्या. पुढच्याच वर्षी हॉवर्ड भारत सोडून इंग्लंडला परतले आणि गॅब्रिएल यांची बहीण लुईझ यांच्याशी त्यांनी लग्न केलं. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. १९४० मध्ये त्यांचं ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हे पुस्तक आलं. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी त्यांच्या विचारांवर सेंद्रिय शेतीचं मासिक सुरू केलं. रासायनिक खतांना त्यांनी केलेल्या विरोधावर कृषी शास्त्रज्ञांशी त्यांचे खटके उडत राहिले, आणि त्यांचे सगळे दावे विज्ञानाने स्वीकारले असंही नाही. २० ऑक्टोबर १९४७ ला, भारत स्वतंत्र झाल्यावर दोनच महिन्यांनी, त्यांचं निधन झालं.

कंपोस्टची पद्धत मात्र टिकली. आज गच्चीवर ओल्या कचऱ्याचं खत करणारे सुका पाला आणि ओला कचरा आलटूनपालटून टाकतात, मधूनमधून ढवळतात आणि वास आला की सुकं वाढवतात. हे सगळं इंदूरच्या त्या खड्ड्यांशी नातं सांगणारं आहे. त्यांना हॉवर्ड यांचं नाव कधीतरी ऐकायला मिळतं. यापुढे कुणी ते घेतलं, तर सोबत यशवंत वाड यांचंही घ्यायला हरकत नाही.