मोटारसायकल नावडली म्हणून स्कूटर घडली. चेतक आणि अ‍ॅपेचं मूळ ज्याच्या डोक्यात होतं त्या इंजिनिअरची गोष्ट

यवतमाळ : आठवडी बाजाराच्या दिवशी माणसं, गाठोडी आणि भाजीची पोती भरून येणारी अ‍ॅपे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. जुनी बजाज चेतकही काही घरांत अजून दिसते. आजोबांनी नंबर लावून घेतलेली, बाबांनी चालवलेली आणि आता मन असेल तर किक घेणारी. या दोन्ही गाड्यांचं मूळ एकाच माणसाच्या डोक्यातलं. त्याचं नाव कोर्रादिनो दास्कानिओ. हा इटलीचा विमान इंजिनिअर. गंमत अशी, की त्याला मोटारसायकल आवडत नव्हती आणि स्कूटर बनवायचं त्याच्या मनातही नव्हतं. त्याला बनवायचं होतं हेलिकॉप्टर.

लहानपणापासून उडायचं वेड

दास्कानिओचा जन्म १ फेब्रुवारी १८९१ चा. गाव पोपोली, इटलीच्या डोंगराळ भागातलं. पाखरं कशी उडतात, त्यांचं वजन किती आणि पंख केवढे, याचा हिशेब पोरगा लहानपणापासून करायचा. पंधराव्या वर्षी त्याने बिनइंजिनाचं विमान तयार केलं आणि गावाजवळच्या टेकडीवरून ते उडवून पाहिलं. पुढे १९१४ मध्ये तो तुरीन शहरातून मेकॅनिकल इंजिनिअर झाला. लगेच पहिलं महायुद्ध पेटलं. सैन्यात त्याच्याकडे विमानांची इंजिनं तपासायचं काम आलं. यंत्र कुठे दगा देतं हे त्याला तिथे रोज बघायला मिळालं.

हेलिकॉप्टर उडालं, धंदा बसला

१९२५ मध्ये पिएत्रो त्रोयानी या श्रीमंत जमीनदाराला सोबत घेऊन त्याने हेलिकॉप्टर बनवायची कंपनी काढली. पहिली दोन यंत्रं जमली नाहीत. तिसरं मात्र ऑक्टोबर १९३० मध्ये रोमजवळच्या चाम्पिनो विमानतळावर उडालं. १८ मीटर उंच गेलं, ८ मिनिटं ४५ सेकंद हवेत राहिलं आणि १०७८ मीटर अंतर कापलं. आज हे आकडे किरकोळ वाटतील. त्या काळी ते जागतिक विक्रम होते.

पण विक्रमाने पोट भरत नाही. गिऱ्हाईक मिळालं नाही, कंपनी बंद पडली. १९३२ मध्ये दास्कानिओ पियाजिओ कंपनीत नोकरीला लागला. तिथे त्याने विमानाचे पंखे बनवले. उडता उडता पात्यांचा कोन बदलता येईल असे ते पंखे होते. नाव झालं, पण हेलिकॉप्टर मागेच राहिलं.

कारखाना बेचिराख झाला

दुसऱ्या महायुद्धात पियाजिओचा पोंतेदेरा गावचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्धात इटली हरली आणि विमानं बनवण्यावर निर्बंध आले. कारखान्यात कामगार होते, काम नव्हतं. रस्ते उखडलेले, लोकांच्या खिशात पैसा नाही. अशा वेळी मालक एनरिको पियाजिओने ठरवलं, की स्वस्तातली दुचाकी काढायची. त्याच्या माणसांनी एक नमुना तयारही केला होता, पण तो मालकाच्या मनास येईना. मग काम दास्कानिओकडे आलं.

मोटारसायकलवरचा राग कामी आला

दास्कानिओची मोटारसायकलबद्दल तक्रार साधी होती. बसायला अवघड. चेनचं ग्रीस उडून कपडे मळतात. आणि रस्त्यात पंक्चर झालं, तर चाक काढताना घाम निघतो. ज्याने मोटारसायकलवर प्रेम केलं असतं, त्याने तिच्यातच थोडी दुरुस्ती केली असती. दास्कानिओने कोरा कागद घेतला आणि एकेक तक्रार निकालात काढली.

चेन नको, म्हणून इंजिन थेट मागच्या चाकाजवळ बसवलं. कपडे मळू नयेत म्हणून इंजिनावर पत्र्याचं झाकण घातलं आणि पायापुढे पत्र्याची ढाल दिली. धोतर किंवा साडी नेसलेल्या माणसालाही बसता यावं अशी मधली जागा मोकळी सोडली. अर्थात त्याच्या डोळ्यासमोर इटलीतल्या झग्यातल्या बाया आणि पाद्री असणार. गिअर हँडलवर आणला. पुढच्या चाकाला मोटारसायकलसारखा दोन्ही बाजूंनी नाही, तर विमानाच्या चाकासारखा एकाच बाजूने आधार दिला. त्यामुळे नट सोडले की चाक हातात येतं.

२३ एप्रिल १९४६ रोजी कंपनीने या गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. इंजिन होतं ९८ सीसीचं. नाव पडलं वेस्पा, म्हणजे गांधीलमाशी. दहा वर्षांत १० लाख गाड्या तयार झाल्या. १९४८ मध्ये त्याच वेस्पाच्या मागे दोन चाकं आणि माल ठेवायचा डबा लावून तीनचाकी निघाली. तिचं नाव आपे, म्हणजे मधमाशी. तीच आपली अ‍ॅपे. पियाजिओचा अ‍ॅपे बनवणारा कारखाना आज आपल्याच राज्यात, बारामतीत आहे.

शेजारच्या वर्ध्याचा धागा

वेस्पा भारतात रुजवली ती बजाज घराण्याच्या कंपनीने. घराणं आपल्या शेजारच्या वर्ध्याचं, जमनालाल बजाजांचं. १९४५ मध्ये स्थापन झालेली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन आधी परदेशी स्कूटर आणून विकायची. पुढे पियाजिओशी करार झाला, कंपनीचं नाव बजाज ऑटो झालं आणि १९६० नंतर वेस्पा इथेच बनू लागली. १९७१ मध्ये करार संपला. १९७२ मध्ये तोच साचा चेतक या नावाने आला. मागणी एवढी, की नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं.

मिस्त्रीचं काम सोपं

चेतक एवढी वर्षं टिकली, याचं मोठं कारण तिची दुरुस्ती. पुढचं-मागचं चाक सारखं, म्हणून एकच स्टेपनी दोन्हीकडे चालते. रिम दोन भागांची, त्यामुळे टायर उपसायला पहारी लागत नाहीत. बाजूचं झाकण काढलं की प्लग समोर. इंजिन खाली काढायचं तर वायरी, केबल, मागचा शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि एक लांब बोल्ट सोडला की झालं.

घरातली जुनी चेतक पुन्हा सुरू करायची असेल, तर टाकीतलं जुनं पेट्रोल आधी काढून टाकावं. त्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. प्लगवरचा कार्बन साफ करावा. इंजिन टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल ठरलेल्या मापाने घालावं, नाहीतर पिस्टन जाम होतो. आणि एक गोष्ट जिवाची : ट्यूबमधली हवा पूर्ण सोडल्याशिवाय रिमचे दोन भाग जोडणारे नट कधीच सोडू नयेत. हवेच्या दाबाने रिम उसळून तोंडावर येऊ शकते.

मन हेलिकॉप्टरमध्येच

वेस्पाने दास्कानिओला जगभर नाव दिलं, पण तो पुन्हा पुन्हा हेलिकॉप्टरकडेच वळला. सत्तरी ओलांडल्यावर पियाजिओ सोडून तो आगुस्ता या हेलिकॉप्टर कंपनीत गेला. तिथेही मोठं यश हाती आलं नाही. लोक आपल्याला वेस्पावाला म्हणून ओळखतात, हेलिकॉप्टरवाला म्हणून नाही, याची सल त्याला शेवटपर्यंत होती. ऑगस्ट १९८१ मध्ये पिसा शहरात, वयाच्या ९० व्या वर्षी तो गेला.

टू-स्ट्रोक चेतक बनणं कधीच बंद झालं. आता चेतक नावाची नवी गाडी बॅटरीवर धावते. जुन्या गाडीचे पार्ट मिळणं आणि हाताने प्लग-पॉइंट लावणारा मिस्त्री सापडणं, दोन्ही दिवसेंदिवस कठीण होत चाललंय. म्हणून ज्यांच्या घरी चेतक आहे, त्यांनी ती भंगारात घालण्याआधी एकदा झाकण उघडून बघावं. ज्याचं स्वप्न जमिनीवरच राहिलं, त्या माणसाचं काम आत अजून जागच्या जागी असेल.