श्रीलक्ष्मीनारायण मंदिर आणि सीकरचे सुपुत्र शेठ जमनालालजी बजाज

वर्धा नगरीत श्रीलक्ष्मीनारायणाच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांस शेठ जमनालालजी बजाज यांचे नाव अपरिचित नाही. तथापि वर्ध्याचे म्हणून ओळखले जाणारे शेठजी जन्माने राजस्थानातील सीकर या राजपूत ठिकाण्याचे प्रजाजन होते आणि त्या भूमीचे ऋण त्यांनी उत्तरायुष्यात कारावास पत्करून फेडले, ही हकिगत विदर्भात फारशी सांगितली जात नाही.

सीकर हे सर्वस्वी स्वतंत्र संस्थान नव्हते. जयपूर दरबाराच्या अधीन असलेला तो एक मोठा ठिकाणा, म्हणजे संस्थानातील संस्थानच म्हणावे. पंधराव्या शतकातील राव शेखा यांच्या वंशातील शेखावत राजपुतांची तेथे सत्ता होती. अधिपतीस रावराजा म्हणत. तटबंदीचे शहर, भोवती वाळूचा मुलूख आणि पावसाचा भरवसा नाही. तेथील अनेक मारवाडी कुटुंबे व्यापारासाठी दूरदेशी गेली. शेठ बच्छराज यांनी असाच वर्ध्याच्या कापूसपेठेत जम बसविला.

सीकरजवळील काशी का बास या खेड्यात ४ नोव्हेंबर १८८९ रोजी कनीरामजी व बिरदीबाई यांच्या पोटी जमनालालजींचा जन्म झाला. बच्छराजजींनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतले. मुलाच्या मोबदल्यात जन्मदात्यांनी धन स्वीकारले नाही. त्याऐवजी गावासाठी विहीर बांधून देण्यात आली, असे सांगतात. पाण्यावाचून तहानलेल्या त्या मुलखात याहून मोठे दान कोणते असणार!

सतरा-अठराव्या वर्षी, एका लग्नप्रसंगी अंगावर दागिने घालण्यावरून आजोबा रागावून बोलले. तेव्हा जमनालालजींनी संपत्तीवरील सर्व हक्क सोडल्याचे पत्र लिहून घर सोडले. पुढे समजूत घालून त्यांना परत आणण्यात आले. १९०७ साली बच्छराजजी निवर्तले आणि सारा कारभार या तरुणाच्या हाती आला. परंतु मन त्या संपत्तीत कधीच गुंतले नाही. महात्मा गांधींच्या सहवासात ते आले, सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी त्यांनी परत केली, १९२१ साली विनोबाजींना वर्ध्यास आणविले. गांधीजींनी त्यांना आपला पाचवा पुत्र मानले.

श्रीलक्ष्मीनारायण मंदिर हे बजाज घराण्याचे. त्याचे दरवाजे अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना मोकळे करावयाचे, असा शेठजींचा निश्चय होता. सनातनी मंडळींचा विरोध तीव्र होता आणि तो परक्यांचा नसून आपल्याच जातभाईंचा, आप्तेष्टांचा होता. तरीही विश्वस्त मंडळाचे मन वळवून जुलै १९२८ मध्ये हे मंदिर सर्वांना खुले करण्यात आले. देशातील अशा अगदी आरंभीच्या मंदिरांत त्याची गणना होते. शेठजींनी आपल्या शेतांतील व बागांतील विहिरीही सर्वांसाठी मोकळ्या केल्या.

यानंतर दहा वर्षांनी जन्मभूमीने त्यांना हाक दिली. सीकरच्या राजपुत्रास शिक्षणासाठी विलायतेस पाठविण्याच्या प्रश्नावरून रावराजा कल्याणसिंह आणि जयपूर दरबार यांच्यात १९३८ साली वितुष्ट आले. दरबाराने फौज धाडली. नागरिकांनी वेशीचे दरवाजे लावून घेतले. जुलैमध्ये गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली. शेठजींनी दोन्ही बाजूंकडे मध्यस्थी केली आणि समेट घडून दरवाजे उघडले. मात्र त्यांची सहानुभूती केवळ रावराजांपुरती नव्हती. ठिकाण्यातील शेतकरी लागबाग व जबर साऱ्याने गांजलेले होते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच महाराजांच्या छत्राखाली लोकांना जबाबदार राज्यपद्धती मिळावी, अशी मागणी करणाऱ्या जयपूर राज्य प्रजामंडळाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले.

त्याच वर्षी दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी ते निघाले असता दरबाराने त्यांना राज्यात येण्यास मनाई केली आणि डिसेंबरअखेर सवाई माधोपूर स्थानकावर अडविले. ज्या भूमीत जन्म झाला, तेथेच ते परके ठरविले गेले! फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांनी बंदी मोडली. पोलिसांनी त्यांना हद्दीबाहेर नेऊन सोडले, ते पुन्हा परतले. अखेर त्यांना मोरांसागर येथील एकांतस्थळी स्थानबद्ध करण्यात आले. ऑगस्ट १९३९ मध्ये त्यांची सुटका झाली.

शेवटच्या काळात शेठजी वर्ध्यातील गोपुरी येथे साध्या कुटीत राहून गोसेवेत रमले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, वर्ध्यातच त्यांचे अकस्मात देहावसान झाले. पत्नी जानकीदेवींनी गोसेवेचे कार्य पुढे चालविले. जयपूर राज्य १९४९ साली राजस्थानात विलीन झाले आणि १९५२ च्या जहागिरी निर्मूलनाच्या कायद्यानंतर सीकरचा ठिकाणाही इतिहासजमा झाला.

गोपुरी येथे १९८० साली उभारलेले गीताई मंदिर भाविकांनी अवश्य पाहावे. विनोबाजींच्या गीताईचे अठराही अध्याय तेथे शिळांवर कोरलेले असून मंदिरास छप्पर नाही.