सायकलवीर फाउस्तो कोप्पी : जीवनपरिचय

प्रत्येक वर्गात असा एखादा मुलगा असतोच. हजेरीच्या वेळी जागेवर नसतो, पण गावात सायकलवर हमखास दिसतो. त्याच्याबद्दल पालकांशी बोलण्याआधी इटलीच्या फाउस्तो कोप्पी यांचं चरित्र जरूर वाचावं.

बालपण

फाउस्तो यांचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ रोजी उत्तर इटलीतील कास्तेल्लानिया या डोंगराळ खेड्यात झाला. घरची शेती बेताची, मूल अंगाने किरकोळ. घरात एक गंजलेली जुनी सायकल सापडली आणि त्याला तिचा नादच लागला. शाळा बुडवून भटकला म्हणून शिक्षकांनी एकदा त्याला शिक्षा केली, असं सांगतात. आपण सायकलवर नव्हे तर शाळेत असायला हवं, हे शंभर वेळा लिहून काढायचं!

तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली. जवळच्या नोव्ही लिगुरे गावात तो खाटकाच्या दुकानात कामाला लागला. गिऱ्हाइकांच्या घरी सायकलवरून माल पोचवायचा, हे त्याचं काम. पुढे काकांनी पैसे दिले आणि शर्यतीची सायकल आली. त्याच गावात बियाजो काव्हान्ना हे अंध मालिशवाले होते. त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण हाताने स्नायू चाचपून ते खेळाडू ओळखत. या पोरात काही वेगळं आहे, हे त्यांनी ओळखलं.

यश आणि युद्ध

१९४० मध्ये ‘जिरो दि’इतालिया’ या मोठ्या शर्यतीत कोप्पी संघनायक बार्ताली यांचे मदतनीस म्हणून उतरले. बार्ताली पडून जखमी झाले आणि विसाव्या वर्षी कोप्पीच ती शर्यत जिंकले. दुसऱ्याच दिवशी इटली महायुद्धात उतरली. १९४२ मध्ये त्यांनी एका तासात ४५ किलोमीटरहून जास्त अंतर कापलं. हा विक्रम पुढे १४ वर्षं टिकला. पण सैन्यात जावंच लागलं. १९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेत ते इंग्रजांचे कैदी झाले आणि उमेदीची वर्षं छावणीत गेली.

१९ मार्च १९४६

युद्ध संपलं होतं. रस्ते, पूल अजून मोडलेलेच होते. अशा वेळी मिलान ते सान रेमो ही सुमारे २९० किलोमीटरची एकदिवसीय शर्यत झाली. मिलानच्या सपाट मैदानातून निघायचं, तुर्किनोचा घाट चढायचा आणि बोगद्यातून पलीकडे समुद्राकडे उतरायचं.

सगळे दमाने घेत असताना कोप्पी सुरुवातीलाच काही जणांबरोबर पुढे निसटले. एकेक सोबती गळत गेला. शेवटी फ्रान्सचे तेसेर उरले होते, तेही घाटात मागे पडले. पुढचा जवळजवळ निम्मा रस्ता कोप्पींनी एकट्याने कापला. दुसरा स्पर्धक पोचला तो तब्बल १४ मिनिटांनी! तोवर संगीत ऐका, असं रेडिओवर सांगावं लागलं, अशी आठवण आजही सांगतात. हरलेल्या, उपाशी देशाला त्या दिवशी आनंदाचं एक कारण मिळालं.

पुढे त्यांनी ‘जिरो’ एकूण पाच वेळा आणि ‘तूर द फ्रान्स’ दोनदा जिंकली. १९५३ मध्ये ते जगज्जेतेही झाले. दुःखही वाट्याला आलं. धाकटा भाऊ सेर्से हासुद्धा सायकलपटू. १९५१ मध्ये शर्यतीत पडून तो गेला.

अखेर

डिसेंबर १९५९ मध्ये काही सायकलपटूंबरोबर ते आफ्रिकेतील अप्पर व्होल्टा देशात गेले. परतल्यावर ताप भरला. त्यांचे मित्र जेमिनियानी यांनाही तोच ताप आला. फ्रान्समध्ये जेमिनियानींचा हिवताप वेळेत ओळखला गेला आणि ते वाचले. इटलीत कोप्पींचा आजार वेळेवर ओळखता आला नाही. २ जानेवारी १९६० रोजी, वयाच्या अवघ्या ४० व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

वर्गात चर्चेसाठी

१. शिक्षा करणारे शिक्षक आणि स्नायू चाचपणारे काव्हान्ना, दोघांनाही एकच मुलगा कसा वेगवेगळा दिसला?

२. तुरुंगवासात गेलेली वर्षं परत येत नाहीत. मग कोप्पींनी उरलेल्या वर्षांचं काय केलं?

३. ताप आल्यावर डॉक्टरांना कोणकोणती माहिती आवर्जून सांगावी? आपण कुठे जाऊन आलो, हे सांगणं का महत्त्वाचं?

तिसरा प्रश्न पालकांनीही घरी जरूर विचारावा. बाकी सगळं विसरलं तरी चालेल, हे उत्तर मुलांच्या लक्षात राहायला हवं.