मॅडम सी. जे. वॉकर: हॉट कॉम्बचा शोध त्यांनी लावला नाही, मग नेमकं काय केलं?

अमेरिकेत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून साजरा होतो. त्या दिवसांत सोशल मीडियावर एक पोस्ट हमखास फिरते. जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो, गंभीर चेहऱ्याची एक बाई आणि खाली माहिती: मॅडम सी. जे. वॉकर, हॉट कॉम्बच्या संशोधक.

फोटो बरोबर असतो, माहिती चुकीची.

हॉट कॉम्ब म्हणजे शेगडीवर गरम करून केसांतून फिरवायचा धातूचा कंगवा. केसांचा कुरळेपणा मोडून ते सरळ करण्यासाठी तो वापरतात. वॉकर यांनी धंदा सुरू केला त्याआधीच, १९व्या शतकात, फ्रान्समध्ये असे कंगवे वापरात होते.

मग मॅडम वॉकर एवढ्या मोठ्या कशामुळे झाल्या? ते समजून घ्यायचं तर आधी कुरळे केस का गुंततात आणि बारीक दातांचा कंगवा त्यात काय करतो, हे बघावं लागेल. कारण त्यांची सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

कापसाच्या शेतात जन्मलेली सारा

तिचं मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. जन्म २३ डिसेंबर १८६७, लुईझियाना राज्यातल्या डेल्टा या गावाजवळ, एका कापसाच्या मळ्यात. आईवडील त्याच मळ्यावर गुलाम होते. गुलामगिरी संपली आणि स्वतंत्र म्हणून जन्माला आलेलं घरातलं पहिलं मूल म्हणजे सारा.

पण स्वातंत्र्य कागदावर मिळालं होतं, पोटाचं काय? सातव्या वर्षी सारा पोरकी झाली. बहीण आणि मेहुण्यासोबत ती मिसिसिपी नदीपलीकडच्या व्हिक्सबर्गला गेली. मेहुणा छळायचा. त्यातून सुटायला तिने चौदाव्या वर्षी मोझेस मॅकविल्यम्सशी लग्न केलं. १८८५ मध्ये मुलगी झाली, लिलिया. दोनच वर्षांत नवरा गेला. विसाव्या वर्षी सारा विधवा झाली, कडेवर दोन वर्षांची पोर.

तिचे भाऊ सेंट लुईस शहरात न्हावीकाम करायचे. सारा मुलीला घेऊन तिकडे गेली आणि लोकांचे कपडे धुवायला लागली. दिवसभर टबात हात घालून डॉलर-दीड डॉलर मिळायचे. असं तिने बरीच वर्षं केलं.

त्याच काळात तिचे केस गळायला लागले.

केस का गळत होते?

हा त्रास एकट्या साराचा नव्हता. गरीब कृष्णवर्णीय बायकांमध्ये तो सर्रास होता. बहुतेकींच्या घरात नळ नव्हता, त्यामुळे डोकं क्वचितच धुतलं जायचं. धुतलं तर कपड्यांच्याच जळजळीत साबणाने. खाणं निकृष्ट, कष्ट अफाट. टाळूवर कोंडा, खपल्या, जखमा. केसांचे पुंजके निघायचे.

त्यात कंगव्याचा मुद्दा होता.

आफ्रिकेत घट्ट कुरळ्या केसांसाठी लांब आणि विरळ दातांचे कंगवे हजारो वर्षांपासून बनतात. गुलाम म्हणून जहाजात कोंबलेल्या माणसांना ते सोबत नेता आले नाहीत. अमेरिकेत मळ्यावरच्या बायका केस सोडवायला मेंढीची लोकर पिंजायची दातेरी फळी वापरायच्या, याच्या नोंदी आहेत. बाजारात मिळणारे कंगवे सरळ केसांच्या हिशेबाने केलेले असायचे.

आता केसाकडे बघू. सरळ केसाचा आडवा छेद जवळपास गोल असतो, घट्ट कुरळ्या केसाचा चपटा असतो. असा केस स्प्रिंगसारखा वळत जातो. टाळूतून सुटणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं, पण वळणावळणाच्या केसावर ते टोकापर्यंत पोचत नाही. त्यामुळे टोकं कोरडी राहतात. प्रत्येक वळण ही केसाची नाजूक जागा असते. शिवाय शेजारशेजारची वळणं एकमेकांत अडकून गाठी बसतात.

अशा कोरड्या केसांत मुळापासून बारीक दातांचा कंगवा घातला तर काय होईल? वरच्या सगळ्या गाठी खाली सरकत एकत्र होतात आणि घट्ट बसतात. मग जोर लावला की केस वळणावर तुटतो, नाहीतर मुळापासून उपटला जातो. हातात येते ती मूठभर गुंतवळ.

मलम, आणि त्याआधी स्वच्छता

सेंट लुईसमध्ये ॲनी टर्नबो नावाची कृष्णवर्णीय उद्योजिका केसांची उत्पादनं विकत होती. पुढे ती ॲनी मलोन म्हणून ओळखली गेली. तिच्या मालाचं नाव पोरो. सारा आधी तिची विक्रेती झाली. १९०५ मध्ये सारा डेन्व्हरला गेली. तिथे पोटासाठी स्वयंपाकाची कामं केली आणि सोबत मलमाची विक्री चालू ठेवली.

जानेवारी १९०६ मध्ये तिने चार्ल्स जोसेफ वॉकरशी लग्न केलं. तो वृत्तपत्रांच्या जाहिरातीच्या धंद्यातला माणूस. त्याचं नाव घेऊन आणि पुढे मॅडम लावून सारा ब्रीडलव्ह झाली मॅडम सी. जे. वॉकर. ज्या देशात कृष्णवर्णीय बाईला कुणीही नुसतं पहिल्या नावाने हाक मारायचं, तिथे आता सगळ्यांना मॅडम म्हणूनच हाक मारावी लागणार होती.

वंडरफुल हेअर ग्रोअर हे त्यांचं पहिलं मोठं उत्पादन. हे सूत्र आपल्याला स्वप्नात मिळालं, असं त्या सांगायच्या. प्रत्यक्षात त्यात गंधक आणि पेट्रोलियम जेली हे मुख्य घटक होते, आणि टाळूच्या रोगांवर गंधकाची मलमं वैद्यकात आधीपासून होती. आपला माल नकलला, असा ॲनी मलोन यांचा आरोप होता. हा भाग व्हायरल पोस्टमध्ये कधी दिसत नाही.

तर नवीन काय होतं? पद्धत. वॉकर सिस्टिममध्ये आधी टाळू नीट धुवायची, मग मलम लावायचं, मग ब्रश आणि सर्वांत शेवटी गरम कंगवा. शिवाय हे सगळं शिकलेल्या बाईच्या हातून. साबण-पाण्याने डोकं वारंवार धुणं हीच कित्येक गिऱ्हाइकांसाठी सगळ्यात मोठी सुधारणा होती. टाळू बरी झाली की केस वाढायला लागायचे.

कंगवा हातात देणारी बाई

वॉकर दक्षिणेतल्या गावोगाव फिरल्या. चर्चमध्ये, घरांत, सभांमध्ये प्रात्यक्षिकं दाखवली. १९०८ मध्ये त्यांनी पिट्सबर्गला मुलीच्या नावाने लिलिया कॉलेज काढलं, जिथे बायकांना केसांची निगा राखायचं शिक्षण मिळायचं. १९१० मध्ये त्यांनी इंडियानापोलिसला कारखाना उभारला, १९११ मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी झाली.

कृष्णवर्णीय बाईसाठी तेव्हा कामं दोनच: दुसऱ्याच्या शेतात राबणं किंवा दुसऱ्याच्या घरात. वॉकर यांनी हजारो बायकांना तिसरा पर्याय दिला. स्वतःची पेटी, स्वतःची गिऱ्हाइकं, स्वतःचे पैसे.

१९१२ मध्ये शिकागोत कृष्णवर्णीय उद्योजकांचं राष्ट्रीय अधिवेशन भरलं होतं. अध्यक्ष होते बुकर टी. वॉशिंग्टन, त्या काळचे सर्वांत वजनदार कृष्णवर्णीय नेते. केस सरळ करण्याच्या धंद्याबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं आणि त्यांनी वॉकर यांना बोलायची संधी दिली नाही. शेवटी वॉकर स्वतःच उभ्या राहिल्या आणि मळ्यापासून कारखान्यापर्यंतचा आपला प्रवास भर सभेत सांगून टाकला. पुढच्याच वर्षी त्याच अधिवेशनात त्या निमंत्रित वक्त्या होत्या.

१९१७ मध्ये फिलाडेल्फियाला त्यांनी आपल्या विक्रेत्यांचं अधिवेशन घेतलं. २०० हून जास्त बायका आल्या. तिथे जास्त विक्री करणाऱ्यांना बक्षिसं होतीच, पण समाजासाठी जास्त देणाऱ्यांनाही होती. त्याच वर्षी ईस्ट सेंट लुईसमध्ये कृष्णवर्णीयांचं हत्याकांड झालं. जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्ध कायदा करा, ही मागणी घेऊन व्हाइट हाउसला गेलेल्या शिष्टमंडळात वॉकर होत्या.

मग केस सरळ करण्याचं काय?

वॉकर यांच्यावरची जुनी टीका अशी की, त्यांनी काळ्या बायकांना गोऱ्यांसारखे केस विकले. आपण केस सरळ करत नाही, निरोगी करतो, अशी वॉकर यांची भूमिका होती. पण त्यांच्या पद्धतीत गरम कंगवा होता आणि बऱ्याच गिऱ्हाइकांना सरळ केसच हवे होते, हेही तितकंच खरं. केस नीट दिसले नाहीत तर नोकरी मिळायची नाही, आणि नीट म्हणजे काय हे ठरवणारे मालक गोरे होते.

उष्णतेने केसातले काही बंध तात्पुरते सुटतात आणि केस सरळ होतो. घाम आला, पाणी लागलं की ते बंध पुन्हा जुळतात आणि कुरळेपणा परत येतो. म्हणून गरम कंगवा पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो. दर वेळी केस कोरडा होतो, टाळू भाजायची भीती असतेच.

१९६८ मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी कृष्णवर्णीय बायकांमधल्या एका टक्कल पडण्याच्या प्रकाराचं वर्णन केलं आणि त्याला हॉट कॉम्बचं नाव दिलं. त्यांचा तर्क असा की, तापलेलं तेलकट मलम केसांच्या मुळात उतरतं आणि मूळ जळतं. नंतर हाच आजार गरम कंगवा कधीही न वापरलेल्या बायकांतही दिसला. त्यामुळे नाव बदललं आणि त्यामागे अनेक कारणं असावीत असं मानलं जाऊ लागलं.

बारीक दातांचा कंगवा वापरायचाच नाही का?

वापरायचा, पण शेवटी. वॉकर यांच्या पद्धतीतला क्रम इथे आजही कामाला येतो: आधी धुणं, मग ओलावा, मग कंगवा. आज घट्ट कुरळ्या केसांसाठी तज्ज्ञ साधारण असं सांगतात:

• कोरड्या केसांत बारीक कंगवा घालू नका. केस ओले करा, भरपूर कंडिशनर लावा. केस निसरडा झाला की गाठ सुटते.

• केसांचे चार किंवा जास्त भाग करा. एका वेळी एकच भाग, बाकीचे क्लिप लावून बाजूला.

• आधी बोटांनी मोठ्या गाठी सोडवा. मग विरळ दातांचा कंगवा, टोकापासून सुरू करून हळूहळू मुळाकडे.

• गाठीच्या वर, टाळूच्या बाजूला, केस मुठीत घट्ट धरा. म्हणजे ओढ मुठीला बसते, मुळाला नाही.

• विरळ कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडता गेला, तरच बारीक कंगवा घ्या. तोही छोट्या बटेत. अडला तर ओढू नका, बाहेर काढा आणि एक पायरी मागे जा.

• कंगव्याच्या दातांवरून बोट फिरवून बघा. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकच्या कंगव्याला धारदार कड राहते, ती केस खरवडते.

• टाळूला बुरशीचा संसर्ग असेल तर कंगवा कुणाला देऊ नका. गजकर्ण कंगव्यातूनही पसरतं.

आपल्याकडची फणी हा बारीक दातांच्या कंगव्याचाच प्रकार. ती उवा-लिखा काढायला असते, गुंता सोडवायला नाही. कुरळ्या केसांत फणी फिरवायची वेळ आली तर आधी गुंता पूर्ण सोडवायचा आणि ओल्या, कंडिशनर लावलेल्या केसांतच फिरवायची.

आणि दुखणं सहन करायचं नाही. केस विंचरताना डोळ्यांत पाणी येत असेल, तर पद्धत चुकतेय.

मागे काय राहिलं?

२५ मे १९१९ रोजी न्यूयॉर्कजवळ हडसन नदीच्या काठी, आपल्या व्हिला लेवारो या आलिशान घरात मॅडम वॉकर गेल्या. वय ५१. मूत्रपिंडं निकामी झाली होती. घराचा आराखडा व्हर्टनर टँडी या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाचा होता.

त्यांची मालमत्ता साधारण ६ लाख डॉलर भरली. म्हणजे वृत्तपत्रांनी त्यांना जिवंतपणीच मिलियनेअर ठरवलं होतं, तरी हिशेब थोडा कमीच होता. पण आयुष्याच्या अखेरीस त्यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेला, जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्धच्या मोहिमेसाठी ५००० डॉलर जाहीर केले होते. मृत्युपत्रात कंपनीच्या पुढच्या निव्वळ नफ्याचा दोन तृतीयांश वाटा समाजकार्याला लिहून ठेवला होता.

१९९८ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर त्यांच्यावर मालिका आली.

तरीही फीडवर त्यांची ओळख एका कंगव्यापुरतीच उरते, आणि तो कंगवाही त्यांचा नव्हे. पुढच्या वेळी ती पोस्ट दिसली तर खाली एवढं लिहा: हॉट कॉम्ब आधीपासून होता. ज्या बायकांच्या डोक्याला कुणी प्रेमाने हात लावत नव्हतं, त्यांचं डोकं आधी धुवा, मग हळू विंचरा, हे हजारो जणींना शिकवून त्यातून त्यांच्या हातात पैसा देण्याचं काम मात्र मॅडम वॉकर यांचं.