सेरामपूरचं एकत्र कुटुंब

मराठी शब्दकोशाचा विषय निघाला की मोल्सवर्थचं नाव आपल्या ओठांवर येतं. त्याचा कोश १८३१ सालचा. त्याच्याही एकवीस वर्षं आधी, १८१० साली, एक मराठी-इंग्रजी कोश छापला गेला होता. छपाईचं ठिकाण पुणं नव्हतं, मुंबईही नव्हती. कलकत्त्याजवळ हुगळी नदीच्या काठी सेरामपूर नावाचं गाव आहे, तिथं तो छापला गेला, आणि त्यातले मराठी शब्द चक्क मोडी अक्षरांत होते. कोशकर्त्याचं नाव विल्यम कॅरी. याच गृहस्थांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलं होतं. महाराष्ट्राची भूमी त्यांनी कधी पाहिली नाही. वैजनाथ नावाच्या पंडितांना हाताशी धरून ते आपली भाषा शिकले आणि कंपनी सरकारच्या तरुण अधिकाऱ्यांना ती त्यांनी शिकवली.

कॅरींची ही विद्वत्ता अभ्यासकांना ठाऊक आहे. धर्मप्रसारक म्हणून त्यांचं नाव जगभर घेतलं जातं. मला आज लिहायचं आहे ते त्यांच्या घराविषयी, विशेषतः १८०० सालच्या उन्हाळ्यात सेरामपूरला मांडल्या गेलेल्या एका संसाराविषयी. त्या घरात आईविना असल्यासारखी वाढलेली चार मुलं होती. त्यांची आई मात्र जिवंत होती आणि त्याच घरात राहत होती.

ही आई म्हणजे डोरोथीबाई. इंग्लंडमधल्या नॉर्थहॅम्प्टन परगण्यातल्या पिडिंग्टन गावी १० जून १७८१ रोजी त्यांचं विल्यम कॅरींशी लग्न झालं. नवरा वीस वर्षांचाही नव्हता, जोडे शिवून पोट भरत होता. बायको त्याच्याहून पाचसहा वर्षांनी मोठी. तिला लिहिता येत नव्हतं. चर्चच्या नोंदवहीत सहीच्या जागी तिनं फुली मारली. नवरा मात्र जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू अशा एकेक भाषा शिकत होता. पुढे तो बॅप्टिस्ट पंथाच्या छोट्या चर्चचा पाळक झाला. या पंथात तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. कळत्या वयात माणसानं आपण होऊन पाण्यात उतरावं लागतं. पाळकाचं उत्पन्न इतकं तुटपुंजं, की शाळा आणि चामड्याचं काम दोन्ही चालू ठेवावं लागलं. दोन मुली लहानपणीच गेल्या. फेलिक्स, विल्यम आणि पीटर हे तीन मुलगे होते.

ऑक्टोबर १७९२ मध्ये केटरिंग गावात एका विधवा बाईच्या घरी काही पाळक जमले आणि त्यांनी परदेशी धर्मप्रसारासाठी मंडळ स्थापन केलं. पहिली वर्गणी जमली तेरा पौंड दोन शिलिंग सहा पेन्स. या पुंजीवर हिंदुस्थानात जायला कॅरी तयार झाले. डोरोथीबाईंनी साफ नकार दिला. त्या गरोदर होत्या, आणि आपल्या परगण्याबाहेरचं जग त्यांना ठाऊक नव्हतं. कॅरी थोरल्या फेलिक्सला घेऊन निघालेसुद्धा. पण कंपनीचा परवाना नसल्यानं जहाजावरून उतरावं लागलं. त्यांचे सहकारी डॉ. थॉमस यांनी पुन्हा डोरोथीबाईंची गाठ घेतली आणि आता आला नाहीत तर जन्मभर पस्तावाल असं बजावलं. आपली बहीण किटी बरोबर येणार असेल तर येते, अशी अट घालून त्या निघाल्या. सामान बांधायला एक दिवससुद्धा मिळाला नाही. मांडीवर काही आठवड्यांचा जेबेझ होता. १३ जून १७९३ रोजी डॅनिश जहाज निघालं आणि पाच महिन्यांनी बंगालला पोचलं.

बँकेच्या नोकरीत माझ्या सात बदल्या झाल्या. बदलीच्या हुकमावर नाव एकाचंच असतं, सामान मात्र सगळ्यांचं बांधलं जातं. बायकोला कोणी विचारत नाही, मुलांचं शाळेचं वर्ष मधेच तुटतं. आमच्या बदल्या सोलापूर-जळगावपर्यंतच्या, घरभाडं आणि रजा ठरलेल्या. ही बदली समुद्रापलीकडची होती आणि परतीचा हुकूम नव्हता. म्हणून डोरोथीबाईंचं चरित्र वाचताना मला कॅरींच्या पराक्रमापेक्षा तो अर्धवट बांधलेला संसारच जास्त दिसतो.

बंगालमध्ये पहिल्या काही महिन्यांतच पैसे संपले. कुटुंब एका जागेवरून दुसऱ्या जागी हललं, अगदी सुंदरबनापर्यंत गेलं. डोरोथीबाई आणि थोरला मुलगा हगवणीनं आजारी होते. किटीनं तिकडेच एका इंग्रज अधिकाऱ्याशी लग्न केलं, तेव्हा डोरोथीबाईंचा उरलासुरला आधारही सुटला. १७९४ च्या उन्हाळ्याअखेर माल्द्याच्या उत्तरेला मदनावती इथल्या निळीच्या कारखान्यात कॅरींना व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. पगार महिना दोनशे रुपये. आता स्थिरावू असं वाटलं, तोच पाच वर्षांचा पीटर तापानं आणि हगवणीनं गेला. परक्या धर्माच्या पोराची कबर खणायला कोणी पुढे येईना. अखेर चार मुसलमान गृहस्थांनी ते काम केलं, आणि त्यासाठी त्यांच्याच गावानं त्यांच्याशी खाणंपिणं तोडलं.

त्यानंतरच्या वर्षी डोरोथीबाईंचं मन ढळलं. नवरा व्यभिचारी आहे असा भ्रम त्यांच्या मनात घट्ट बसला. त्या त्याच्यामागे रस्त्यानं ओरडत जात. १७९६ मध्ये जोनाथन जन्मला, तो या अवस्थेतच. बाईंना वेड्यांच्या इस्पितळात ठेवा असा सल्ला कॅरींना दिला गेला. तो त्यांनी मानला नाही. पत्नीला घरातच ठेवलं. पण तिला घेऊन मायदेशी परतावं असंही त्यांनी केलं नाही. बापाचा दिवस निळीच्या हौदांवर जाई, रात्र बंगाली बायबलवर. मुलं मोकाट वाढत होती.

अशा स्थितीत हे कुटुंब १० जानेवारी १८०० रोजी सेरामपूरला आलं. तिथले लोक या गावाला श्रीरामपूर म्हणतात. आपल्या नगर जिल्ह्यातलं ते नव्हे. त्या काळी तिथं डेन्मार्कचा अंमल होता, आणि कंपनीला नको असलेल्या मिशनऱ्यांना तिथं आसरा मिळत होता. आदल्याच ऑक्टोबरमध्ये इंग्लंडहून नवी माणसं आली होती. त्यांत शाळामास्तर जोशुआ मार्शमन, त्यांची पत्नी हॅना आणि त्यांची मुलं, तसेच मुद्रक विल्यम वॉर्ड होते. सर्वांनी मिळून नदीकाठी सहा हजार रुपयांना एक मोठं घर घेतलं आणि एकत्र राहायचं ठरवलं.

माझ्यातल्या बँकवाल्याला या घराचे नियम फार आवडतात. कमाई कोणाचीही असो, ती एका तिजोरीत जमा व्हायची. खाजगी धंदा कोणी करायचा नाही. जेवण एका मेजावर. घरखर्चाची व्यवस्था दर महिन्याला आळीपाळीनं एकेकानं बघायची. तिजोरीची आणि औषधांच्या पेटीची किल्ली कॅरींकडे. आणि शनिवारची संध्याकाळ राखून ठेवलेली: आठवडाभरात ज्यांची भांडणं झाली असतील त्यांनी ती सर्वांसमोर मिटवायची. आमच्याकडे रोकड जुळल्याशिवाय घरी जायचं नाही असा दंडक होता. इथं मनं जुळल्याशिवाय रविवारच्या उपासनेला बसायचं नव्हतं. आपल्या वाड्यांमधल्या एकत्र कुटुंबांना अशी एखादी शनिवारची संध्याकाळ असती, तर किती चुली वेगळ्या झाल्या नसत्या!

बंगालचा वैशाख म्हणजे अंगाला चिकटणारी दमट उष्णता आणि संध्याकाळी अचानक उठणारी वादळं. अशा दिवसांत, २४ एप्रिल १८०० रोजी, या मंडळींनी आपलं चर्च रीतसर स्थापन केलं. चर्च म्हटल्यावर उंच मनोरा डोळ्यांसमोर येतो. इथं तसं काही नव्हतं. जे जेवणाच्या मेजाभोवती बसत तेच उपासनेला बसत. कॅरी पाळक, मार्शमन आणि फाउंटन मदतनीस. आठवड्याभरानं, १ मे रोजी, मार्शमन पतिपत्नींनी मुलांसाठी निवासी शाळा उघडली. सगळ्या घराचं पोट पुढे बरीच वर्षं या शाळेच्या फीवर भरलं. घराच्याच आवारात वॉर्ड यांचा छापखाना होता. त्यावर मार्चपासून बंगाली बायबलचे फर्मे निघत होते.

याच घरात कॅरींच्या मुलांना पहिल्यांदा वेळापत्रक मिळालं. फेलिक्स तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा, विल्यम बाराच्या आसपास, जेबेझ त्याच मे महिन्यात सात वर्षांचा झालेला, जोनाथन चार. चौघं हट्टी होती, शिस्त त्यांना माहीत नव्हती. हॅनाबाईंच्या हे पहिल्या भेटीतच लक्षात आलं. कॅरी स्वभावानं इतके मऊ, की मुलांना रागावणं त्यांना जमत नसे. हॅनाबाईंनी धाकट्यांना आपल्या पोरांच्या पंक्तीला बसवलं, अभ्यासाला लावलं. फेलिक्सला वॉर्डनी छापखान्यात घेतलं, खिळे जुळवायला शिकवलं. उपदेशापेक्षा हातातल्या कामानं त्या मुलाला माणसात आणलं. दुसऱ्याच्या मुलांना असा हात देणाऱ्या काकू-मामी आपल्या प्रत्येक घराण्यात होऊन गेल्या आहेत. चरित्रग्रंथांत त्यांना फार तर एक ओळ मिळते.

हे घर सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही. ऑक्टोबर १७९९ पासून दोन वर्षांत ग्रँट, फाउंटन, ब्रन्सडन आणि थॉमस असे चार पुरुष मरण पावले. त्यांच्या मागे राहिलेल्या बायकामुलांना या एकत्र संसारानं सांभाळून घेतलं. फाउंटन यांच्या विधवेशी १८०२ मध्ये वॉर्ड यांनी लग्न केलं.

आणि २८ डिसेंबर १८०० चा रविवार. त्या दिवशी कृष्ण पाल हा बंगाली सुतार आणि फेलिक्स या दोघांनी हुगळीच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला. कॅरींनी सात वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच. पण त्याच वेळी घरात एका खोलीत डोरोथीबाई कोंडलेल्या होत्या, दुसऱ्या खोलीत भ्रमिष्ट झालेले डॉ. थॉमस ओरडत होते. मुलगा घाटाच्या पायऱ्या उतरत होता आणि त्याच्या आईला त्याचं भान नव्हतं. कादंबरी लिहिताना मी असा प्रसंग रचला असता, तर संपादकांनी तो अतिरंजित म्हणून कापला असता.

पुढच्या वर्षी फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरींची नेमणूक झाली. आधी महिना पाचशे, नंतर हजार रुपये पगार. तो जवळजवळ सगळा सामाईक तिजोरीत गेला. आठवड्याचे काही दिवस कलकत्त्यात, उरलेले सेरामपूरला. बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवणं चालू होतं. आपल्या मराठीचं ते १८०५ सालचं व्याकरण याच वर्षांत तयार झालं. मोरोपंतांना जाऊन तेव्हा जेमतेम दहाअकरा वर्षं झाली होती. मराठीच्या विभक्ती आणि क्रियापदं हा माणूस ओळीनं मांडत होता, तेव्हा शेजारच्या बंद दारामागे त्याची पत्नी होती. ८ डिसेंबर १८०७ रोजी तिथंच तिचं निधन झालं.

मुलं मार्गाला लागली. फेलिक्स ब्रह्मदेशात गेला. १८१४ मध्ये नाव बुडून त्याची बायकोमुलं वाहून गेली. तो खचून भटकत राहिला, मग सेरामपूरला परतला आणि बंगालीत शरीरशास्त्राचा ग्रंथ लिहून १८२२ मध्ये वारला. विल्यमनं काटव्याला मिशनचं काम केलं. जेबेझ मोलुक्का बेटांवर आणि नंतर अजमेरला. जोनाथन कलकत्त्यात वकील झाला. कॅरींनी पुढे दोनदा लग्न केलं, कॉलेज उभारलं, बाग फुलवली, सतीबंदीच्या कायद्याचं बंगाली भाषांतर केलं आणि ९ जून १८३४ रोजी सेरामपूरला देह ठेवला. हॅनाबाई १८४७ पर्यंत होत्या.

डोरोथीबाईंवर स्वतंत्र चरित्र निघायला १९९२ साल उजाडलं. तोवर बहुतेक लेखकांनी त्यांना थोर माणसाच्या पायातली बेडी ठरवलं होतं. मला ते मान्य नाही. कॅरींना दोषी ठरवायला मी बसलेलो नाही. आजारी पत्नीला त्यांनी टाकलं नाही, हे त्यांच्या बाजूला जमा आहे. पण खातं लिहायचं तर दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. पिडिंग्टनच्या नोंदवहीत फुली मारणाऱ्या त्या बाईनं स्वतःहून न मागितलेल्या प्रवासात एक मूल, बहिणीची सोबत आणि अखेर आपलं मन गमावलं. तिच्या उरलेल्या मुलांना दुसऱ्या एका बाईनं सेरामपूरच्या त्या उन्हाळ्यात मेजावर जागा करून दिली. मराठीच्या त्या जुन्या व्याकरणावर नाव एकट्या कॅरींचं आहे. ते ज्या घरात लिहिलं गेलं, ते घर या दोघींवर उभं होतं, आणि आपल्या मुलांना व्याकरणाचा इतिहास सांगताना एवढं तरी आपण सांगायला हवं.