कण्हेरखेडचे पाटीलबाबा

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात कण्हेरखेड नावाचे गाव आहे. या गावची पाटीलकी शिंदे घराण्याकडे होती. त्याच घराण्यातील एका पुरुषाच्या हाती अठराव्या शतकाच्या अखेरीस दिल्लीच्या बादशाहीचा सारा कारभार आला. मोठमोठे किताब त्यांच्यापुढे चालून आले; परंतु त्यांना सर्वांत प्रिय वाटे ती पाटील ही आपल्या गावची साधी पदवी. लोकही त्यांना प्रेमाने पाटीलबाबा म्हणत. ते पाटीलबाबा म्हणजेच महादजी शिंदे.

महादजींचे चरित्र वाचू लागले म्हणजे त्यांचे विजय प्रथम डोळ्यांत भरतात. पण त्यांच्या आयुष्यात विजयांइतकीच संकटेही आली. एका संकटाने त्यांचे आप्त हिरावून नेले, दुसऱ्याने त्यांचा पाय अधू केला, तिसऱ्याने हाती आलेले सर्व यश एका दिवसात धुळीस मिळविले. तरीही प्रत्येक वेळी ते पुन्हा उभे राहिले. हे बळ त्यांना कोठून लाभले, हे समजून घेणे त्यांच्या विजयांची यादी पाठ करण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

महादजींचा जन्म इ. स. १७३० च्या सुमारास झाला. त्यांचे वडील राणोजी शिंदे हे प्रथम पेशव्यांच्या पदरी साधे सेवक होते. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. बाजीराव पेशवे आत मसलतीत गुंतले असता राणोजी बाहेर त्यांचे जोडे सांभाळीत बसले होते. फार वेळ गेला आणि राणोजींना झोप लागली. परंतु झोपेतही त्यांनी धन्याचे जोडे छातीशी घट्ट धरून ठेवले होते. बाजीरावांनी ते दृश्य पाहिले. जो माणूस इतके हलके काम इतक्या निष्ठेने करतो, तो मोठे काम किती निष्ठेने करील, हे त्या चतुर पुरुषाने ओळखले. पुढे राणोजी मोठे सरदार झाले आणि माळव्यात उज्जैन येथे त्यांनी आपले ठाणे बसविले.

राणोजींना जयाप्पा, दत्ताजी, जोतिबा, तुकोजी आणि महादजी असे पाच पुत्र होते. महादजींच्या मातोश्री चिमाबाई. थोरल्या घरातील पुत्रांना जो मान असे, तो महादजींना लहानपणी लाभला नाही. वडील बंधू पराक्रमी होते. त्यामुळे सरदारी कधी काळी आपल्याकडे येईल, असे या धाकट्या मुलाच्या स्वप्नातही आले नसेल. तो भावांबरोबर मोहिमांवर जाई, घोडदौड करी, युद्धकला शिके.

पण काळाने शिंदे घराण्यावर एकामागून एक घाव घातले. राणोजी इ. स. १७४५ मध्ये मरण पावले. इ. स. १७५५ मध्ये राजस्थानात नागोरच्या वेढ्यात जयाप्पांचा घात झाला. इ. स. १७६० च्या जानेवारीत, ऐन संक्रांतीच्या दिवसांत, यमुनेच्या काठी बुराडी घाटावर दत्ताजी धारातीर्थी पडले. जोतिबा त्यापूर्वीच गेले होते. आणि नंतर उजाडला तो १४ जानेवारी १७६१ चा दिवस. पानिपतच्या रणांगणावर मराठ्यांची अपरिमित हानी झाली. शिंद्यांच्या घरातील तुकोजी तेथे पडले. जयाप्पांचे तरुण पुत्र जनकोजी शत्रूच्या हाती सापडून मारले गेले.

त्या संध्याकाळी पराभूत सैन्य वाट फुटेल तिकडे धावत होते. महादजीही आपल्या चपळ दक्षिणी घोडीवर बसून निघाले. एक धिप्पाड अफगाण स्वार आपल्या दांडग्या घोड्यावरून त्यांच्या पाठीस लागला. महादजी घोडीला टाच मारीत, अंतर वाढवीत; घोडी थकून मंदावली की मागून त्या स्वाराच्या टापा पुन्हा ऐकू येत. अखेर महादजींची घोडी एका खड्ड्यात कोसळली. स्वाराने त्यांना गाठले आणि त्यांच्या गुडघ्यावर घाव घातला. अंगावरचे दागिने आणि घोडी घेऊन तो निघून गेला. महादजी रक्तबंबाळ होऊन तेथेच पडून राहिले.

अशा वेळी राणेखान नावाचा एक पखालजी तेथून चालला होता. सैन्याला पाणी पुरविणारा हा गरीब माणूस. स्वतःचा जीव वाचविण्यासाठी तोही पळतच होता. पण घायाळ माणूस पाहून त्याचे पाय थबकले. त्याने महादजींना आपल्या पखालीच्या बैलावर घातले आणि दक्षिणेची वाट धरली. शत्रूच्या मुलखातून, थंडीच्या दिवसांत, जखमी माणसाला घेऊन केलेला तो प्रवास किती खडतर असेल, याची कल्पनाच करावी! देव संकटात माणसाच्याच रूपाने धावून येतो, अशी आपल्याकडील भाविकांची श्रद्धा आहे. महादजींसाठी तो खांद्यावर पखाल घेऊन आला, असेच म्हणावे लागेल.

महादजींनी हे उपकार जन्मभर स्मरले. राणेखानाला ते भाऊ मानीत. हा पखालजी पुढे त्यांच्या सैन्याचा एक प्रमुख सेनापती झाला. धर्म निराळा, जात निराळी, पण जिवाचे नाते जडले ते कायमचे.

महादजींचा प्राण वाचला. पण उजवा पाय मात्र कायमचा अधू झाला. मनावरची जखम तर त्याहून खोल होती. जॉन माल्कम या इंग्रज ग्रंथकाराने नोंदविले आहे की, पानिपतानंतर कित्येक वर्षे तो अफगाण स्वार आणि त्याचा अवजड घोडा महादजींच्या स्वप्नात येत असे. रात्री डोळा लागावा आणि मागून त्या टापांचा आवाज यावा! ज्यांच्या नावाने पुढे उत्तर हिंदुस्थान दचकत असे, त्या वीराला स्वतःच्या झोपेत असे भय वाटत होते. ही गोष्ट त्यांनी लपवून ठेवली नाही, म्हणूनच ती आपल्याला कळते. शूर माणसाला भय वाटतच नाही, ही समजूत खरी नव्हे. भय वाटत असूनही जो आपले पाऊल मागे घेत नाही, तोच शूर.

दक्षिणेत आल्यावरही त्यांचे दैव लगेच उजळले नाही. शिंद्यांची सरदारी कोणाला द्यावी, याविषयी पुण्यात वाद सुरू झाला. महादजींच्या जन्माचे निमित्त पुढे करून काहींनी त्यांचा हक्क नाकारला. राघोबादादांनी तर इतरांनाच पुढे केले. महादजींनी धीर सोडला नाही. वर्षांमागून वर्षे गेली. शेवटी थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्यांची योग्यता ओळखली आणि इ. स. १७६८ मध्ये शिंद्यांची सरदारी महादजींच्या नावे झाली.

या सर्व काळात महादजींच्या मनाला आधार होता तो ईश्वरभक्तीचा. ते श्रीकृष्णाचे निस्सीम भक्त होते. छावणीच्या धामधुमीतही ते भक्तिपर पदे रचीत; काही मराठीत, काही हिंदुस्थानी भाषेत. साधुसंतांची संगती त्यांना मनापासून आवडे. बीडचे मन्सूरशाह या सूफी सत्पुरुषांना ते गुरुस्थानी मानीत. ईश्वर एकच आहे आणि त्याच्याकडे नेणारा सज्जन कोणत्याही पंथाचा असला तरी तो वंदनीय आहे, अशी त्यांची वृत्ती होती. गोमंतकातील संतकवी सोहिरोबानाथ आंबिये हे तीर्थयात्रा करीत त्यांच्याकडे गेले असता, त्या निर्भय साधूने महादजींची कविता आवडली नाही असे तोंडावर सांगितले, अशी आख्यायिका आहे. राजवैभव पाहून संताने स्तुती केली नाही, आणि राजवैभव असूनही महादजींनी त्यांच्यावर राग धरला नाही, असे ती आख्यायिका सांगते.

मात्र महादजींची भक्ती आळशी माणसाची नव्हती. देव सर्व करील, म्हणून ते हात जोडून बसले नाहीत. ज्या उत्तरेत आपले भाऊ पडले, ज्या वाटेवर आपला पाय गेला, त्याच उत्तरेकडे ते पुन्हा निघाले. इ. स. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि इंग्रजांच्या आश्रयाने अलाहाबादेस राहिलेल्या शाह आलम बादशहाला इ. स. १७७२ च्या आरंभी पुन्हा दिल्लीच्या तख्तावर बसविले. त्या कामी महादजी अग्रभागी होते. पानिपतच्या पराभवाला तेव्हा जेमतेम अकरा वर्षे झाली होती. पुढे इ. स. १७७९ मध्ये पुण्यावर चालून आलेल्या इंग्रज फौजेला मराठ्यांनी वडगाव येथे कोंडीत पकडले; तेथेही महादजींचा पराक्रम दिसून आला. इ. स. १७८२ मध्ये इंग्रज आणि मराठे यांच्यात सालबाईचा तह झाला, तो त्यांच्याच मध्यस्थीने. इ. स. १७८४ मध्ये बादशाहीच्या कारभाराची सूत्रे पेशव्यांच्या नावाने महादजींच्या हाती आली. बदलत्या काळाची पावले ओळखून त्यांनी डी बॉयन या युरोपीय सेनानीकडून कवायती पलटणी तयार करून घेतल्या.

येथवर सर्व सुरळीत चालले होते. पण खरी कसोटी अजून व्हायची होती. इ. स. १७८७ मध्ये राजस्थानात लालसोटजवळ महादजींची रजपुतांशी लढाई जुंपली. बादशाही फौजेतील महत्त्वाचे सरदार शत्रूला जाऊन मिळाले. पगार थकलेल्या पलटणीही तोफांसह निघून गेल्या. ज्यांच्या भरवशावर लढाई करायची, तेच लोक समोर उभे राहिले! तीन वर्षांत उभारलेला डोलारा कोसळला. कोणाही माणसाने अशा वेळी हाय खाल्ली असती. पानिपतची ती संध्याकाळ महादजींना त्या क्षणी आठवली नसेल काय? पण या वेळी ते वाट फुटेल तिकडे धावले नाहीत. त्यांनी शांतपणे उरलेल्या सैन्याची घडी बसविली आणि शिस्तीने माघार घेतली. बायकामुले व जड सामान त्यांनी ग्वाल्हेरच्या आश्रयास पाठविले. आग्र्याच्या किल्ल्यात त्यांचे विश्वासू सरदार लखबादादा लाड शत्रूच्या वेढ्याला तोंड देत राहिले.

पुढचे वर्ष मोठे कठीण गेले. पैसा नव्हता, मित्र पाठ फिरवीत होते, पुण्याहून यावयाची कुमक वेळेवर येत नव्हती. परंतु महादजींनी धीर सोडला नाही. आपण प्रामाणिकपणे यत्न करावा आणि फळ भगवंताच्या हाती सोपवावे, हाच भक्ताचा मार्ग. अपयशाने खचू नये आणि यशाने फुगू नये, हे बळ या मार्गाने मिळते. इ. स. १७८८ च्या जूनमध्ये आग्र्याजवळ त्यांच्या सैन्याने मोठा विजय मिळविला आणि वेढा उठला. त्याच वर्षी गुलाम कादिर या क्रूर सरदाराने दिल्ली बळकावून वृद्ध बादशहाचे डोळे काढले. तेव्हा महादजींनी दिल्ली मुक्त करण्यासाठी सैन्य पाठविले. त्या सैन्याचा सेनापती कोण होता? पानिपताहून महादजींना बैलावर घालून आणणारा तोच राणेखान! त्याने दिल्ली सोडविली आणि आंधळ्या बादशहाला धीर दिला. एका दीनवाण्या संध्याकाळी दाखविलेल्या दयेचे फळ सत्तावीस वर्षांनी असे सगळ्या राजधानीला मिळाले.

आता महादजींच्या वैभवाला सीमा राहिली नाही. मथुरा हे श्रीकृष्णाचे जन्मस्थान. तेथे मुक्काम करणे त्यांना फार आवडे. हाती सत्ता होती, संपत्ती होती. पण मनातला साधेपणा गेला नव्हता. इ. स. १७९२ मध्ये ते पुण्यास आले. बादशहाने पेशव्यांसाठी दिलेला बहुमान अर्पण करण्यासाठी मोठा दरबार भरला होता. महादजी हत्तीवरून दूरच उतरले. दरबारात येऊन ते मानाच्या जागी न बसता सर्वांच्या खाली बसले. तरुण सवाई माधवराव पेशवे आले, तेव्हा महादजींनी काखेतले गाठोडे सोडले, त्यातून नवे जोडे काढले आणि पेशव्यांच्या पायांपुढे ठेवले. आपल्या वडिलांचे हेच काम होते आणि आपलेही तेच, असे त्यांनी सांगितले. काहींना यात मुत्सद्द्याची चतुराईही दिसली. परंतु यशाच्या शिखरावर उभे असताना वडिलांच्या गरिबीची आठवण भर दरबारात काढणे, हे कोणाही सामान्य माणसाला साधणारे नाही.

पुण्याजवळ वानवडी येथे महादजींची छावणी होती. तेथे त्यांनी शंकराचे एक देवालय बांधविले. त्याच ठिकाणी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेली शिंद्यांची छत्री आजही तेथे पाहावयास मिळते.

महादजींच्या श्रद्धेने त्यांचा अधू पाय बरा झाला नाही. ती भयंकर स्वप्नेही कित्येक वर्षे थांबली नाहीत. पण अधू पायाने चालण्याचे आणि भय मनात असतानाही पुढे जाण्याचे सामर्थ्य त्यांच्या ठायी होते. ईश्वरावरील श्रद्धा वाटेतील काटे नाहीसे करीत नाही. ती काट्यांतून चालणाऱ्याचे मन खंबीर करते. आणि अशा माणसाला वाटेत कोठेतरी एखादा राणेखान भेटतोच. आपल्याला तसा कोणी भेटला तर त्याला विसरू नये, आणि कोणी घायाळ दिसला तर आपणही त्याचा राणेखान व्हावे. कण्हेरखेडच्या पाटीलबाबांचे चरित्र आपल्याला हेच शिकविते.