एक फोटो, एक आई आणि चार मुली : रशियाची सम्राज्ञी अलेक्झांड्रा



इतिहासाच्या तासाला कधी कधी पानभर माहितीपेक्षा एक जुना फोटो जास्त बोलका ठरतो. आज अशाच एका फोटोतल्या आईची ओळख करून घेऊ.

सन १९१३. रशियात रोमानोव्ह घराण्याच्या सत्तेला ३०० वर्षं पूर्ण झाली होती. त्या सुमारास राजघराण्याचे बरेच फोटो काढले गेले. त्यातल्या एकात सम्राज्ञी अलेक्झांड्रा आपल्या चार मुलींसोबत दिसते. ओल्गा, तातियाना, मारिया आणि अनास्तासिया. बघणाऱ्याला वाटावं, किती सुखी घर आहे!

अलेक्झांड्राचा जन्म ६ जून १८७२ रोजी जर्मनीतल्या डार्मश्टाट इथं झाला. माहेरचं नाव अलिक्स. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया ही तिची आजी. अलिक्स एक वर्षाचीही नव्हती, तेव्हा तिचा भाऊ खिडकीतून पडून गेला. त्याला हिमोफिलिया होता, म्हणजे रक्त लवकर न गोठण्याचा आजार. ती सहा वर्षांची असताना घटसर्पानं आई आणि धाकटी बहीण दोघी गेल्या.

१८९४ मध्ये तिचं लग्न झार दुसरा निकोलस याच्याशी झालं. १८९५ ते १९०१ या काळात चार मुली झाल्या. पण तिथल्या कायद्यानुसार घराण्यात पुरुष वारस असेपर्यंत मुलीला गादी मिळत नसे. त्यामुळं प्रत्येक वेळी लोक मुलाचीच वाट बघायचे. अखेर १९०४ मध्ये अलेक्सी जन्मला. पण थोड्याच आठवड्यांत कळलं, त्यालाही मामासारखाच आजार आहे. हा आजार बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो.

राजघराण्यानं ही गोष्ट जनतेपासून लपवून ठेवली. लोकांना दिसायची ती फक्त कुणात न मिसळणारी, गर्विष्ठ वाटणारी राणी. रासपुतीन नावाचा साधू राजवाड्यात का येतो, हेही त्यांना कळेना. त्याच्या प्रार्थनेनं मुलाला आराम पडतो, अशी आईची श्रद्धा होती. बाहेर मात्र नको नको त्या अफवा पसरल्या.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं. अलेक्झांड्रा, ओल्गा आणि तातियाना यांनी परिचारिकेचं शिक्षण घेऊन जखमी सैनिकांची सेवा केली. तरी जर्मन माहेरामुळं तिच्यावरचा संशय गेला नाही. युद्धाचे हाल, अन्नटंचाई, झारचा कारभार अशी क्रांतीची कारणं अनेक होती. पण राणीबद्दलच्या अविश्वासानं त्यात भरच घातली. १९१७ मध्ये सत्ता गेली. १६-१७ जुलै १९१८ च्या रात्री येकातेरिनबुर्गमध्ये आई-वडील आणि पाचही मुलांना ठार मारण्यात आलं. अनास्तासिया तेव्हा १७ वर्षांची होती, तर अलेक्सी अवघा १३ वर्षांचा.

हा फोटो वर्गात दाखवाल तेव्हा मुलांना एक प्रश्न जरूर विचारा: या फोटोत कोण नाही? उत्तर शोधता शोधता सगळी गोष्ट उलगडेल.

आणि पालकहो, तुम्हालाही एक विनंती. मुलाला फिट येते, दम लागतो, हे शाळेत सांगायला बरेच जण कचरतात. लोक काय म्हणतील ही भीती समजू शकते. पण निदान वर्गशिक्षकांना तरी विश्वासात घ्या. माहीत असेल तरच आम्हाला वेळेवर धावून येता येईल.